महागड्या विद्यापीठाची फी भरण्याआधी

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचा पर्सेंटाइल कळतो आणि त्याच आठवड्यात फोन सुरू होतात. “सर, मुलीची सीट ब्लॉक करून ठेवू का? शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरलेत तर पहिल्या वर्षाला सवलत मिळेल.” वर्तमानपत्र उघडलं की पहिल्याच पानावर काचेच्या इमारती आणि लाखांची पॅकेजेस. घरी आलेला पाहुणाही सांगून जातो, “शिक्षणात हात आखडता घेऊ नका.” आईवडिलांच्या मनात तेव्हा एकच धास्ती असते : आपण पैशांकडे बघितलं आणि पोरीचं नुकसान झालं तर? या धास्तीपोटी ठेवी मोडल्या जातात, प्लॉट विकला जातो, शेताचा तुकडा जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. महागडं खासगी विद्यापीठ काही मुलांसाठी खरोखर योग्य असतं. पण त्याच्या नावापेक्षा तुमचं मूल ज्या विभागात शिकणार तो विभाग बघून ते निवडावं, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज मुलाच्या पहिल्या साध्या नोकरीच्या पगारातून फिटेल एवढंच असावं. या दोन अटी पुऱ्या होत नसतील तर निःशंक मनाने नाही म्हणावं. या अटी कशा तपासायच्या, लागणारी माहिती कुठे मिळते आणि ती कशी वाचायची, ते पुढे देतो आहे.

महाग म्हणजे नामांकित नव्हे

हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड ही अमेरिकेतली खासगी विद्यापीठं महागही आहेत आणि तिथे प्रवेश मिळणंही अवघड आहे. त्यावरून जास्त फी म्हणजे जास्त दर्जा असं समीकरण आपल्या डोक्यात बसलं. भारतात ते लागू पडत नाही. आपल्याकडे प्रवेशासाठी सगळ्यांत जास्त चुरस असते त्या संस्था बहुतांशी सरकारी आहेत : आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एम्स, आयसर, राष्ट्रीय विधी विद्यापीठं. आयआयटीत बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला २ लाख रुपये आहे. घरचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते, १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ होते. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती भरावीच लागत नाही.

महाराष्ट्रातही हेच चित्र आहे. पुण्याचं सीओईपी १८५४ पासून उभं आहे आणि २०२२ मध्ये ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची, तर आयसीटी, म्हणजे जुन्या लोकांची यूडीसीटी, १९३३ ची. शिवाय सांगलीचं वालचंद, नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी, कराड, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. कायदा शिकायचा तर मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं आणि पुण्याचं आयएलएस १९२४ चं. आयएलएस, फर्ग्युसन, झेवियर्स ही महाविद्यालयं खासगी संस्थांनीच चालवलेली आहेत. त्यामुळे ‘खासगी’ या शब्दाला बिचकू नये आणि भुलूही नये. नेमकी कोणत्या प्रकारची संस्था आहे, ते विचारावं.

हे प्रकार साधारण पाच आहेत. शासकीय महाविद्यालय. अनुदानित महाविद्यालय, जिथे संस्था खासगी असली तरी शिक्षकांचा पगार सरकार देतं. विनाअनुदानित महाविद्यालय, जिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. अभिमत विद्यापीठ, ज्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या कलम ३ खाली दर्जा मिळतो. आणि राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ. ‘महागडं विद्यापीठ’ म्हणून आपण ज्याबद्दल बोलतो, ते बहुतेक वेळा शेवटच्या दोन प्रकारांतलं असतं. हा फरक नुसता कागदावरचा नाही, त्याचा थेट तुमच्या खिशाशी संबंध आहे.

सरकारी सवलत कुठे मिळते, कुठे नाही

महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी एक निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयं या योजनेत आहेत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र तिच्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. शिवाय प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही.

एक उदाहरण घ्या. इतर मागास वर्गातली मुलगी, घरचं उत्पन्न ६ लाख. कॅप राउंडमधून तिला एका बऱ्या विनाअनुदानित महाविद्यालयात संगणक शाखा मिळते आहे. तिथलं शिक्षण शुल्क समजा सव्वा लाख आहे. दुसरीकडे एका खासगी विद्यापीठात तीच शाखा साडेतीन लाखांत आहे. घरी तुलना होते ती ‘सव्वा लाख की साडेतीन लाख’ अशी. प्रत्यक्षात पहिल्या ठिकाणी शिक्षण शुल्क शून्य आहे. विकास शुल्क आणि किरकोळ रकमा तेवढ्या भरायच्या. चार वर्षांचा फरक चौदा लाखांचा पडतो. ही माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे पालकांनी एवढी रक्कम मोजू नये, असं मला मनापासून वाटतं.

मुलांसाठीही राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. जी संस्था पसंत पडेल तिच्या कार्यालयात एकच प्रश्न विचारा : “आमच्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला महाडीबीटीची कोणती योजना तुमच्याकडे लागू आहे?” उत्तर लेखी घ्या. “आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे” असं सांगितलं, तर ती चारही वर्षं मिळणार का आणि टिकवायला किती गुण लागतात, तेही लिहून मागा. पहिल्या वर्षी मिळालेली सवलत दुसऱ्या वर्षी एखाद्या विषयात राहिल्यामुळे बंद झाली, तर पुढचा सगळा भार घरावर येतो.

कर्जाचं गणित कागदावर मांडा

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. समजा फी साडेतीन लाख, वसतिगृह आणि मेस दीड लाख, म्हणजे वर्षाला ५ लाख. फीवाढ धरली नाही तरी चार वर्षांचे २० लाख. सगळी रक्कम दहा टक्के व्याजाने कर्जाऊ घेतली असं धरू. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. पहिल्या वर्षाच्या ५ लाखांवर पाच वर्षांत अडीच लाख व्याज होतं, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर २ लाख, तिसऱ्यावर दीड, चौथ्यावर १. एकूण ७ लाख. म्हणजे हप्ते सुरू होतात त्या दिवशी डोक्यावर २० नव्हे, २७ लाख असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ३५,७०० रुपये. दहा वर्षांत बँकेत जमा होणारी रक्कम सुमारे ४२ लाख ८० हजार.

याच्या शेजारी पगार लिहा. मोठ्या आयटी सेवा कंपन्या नव्या पदवीधरांना गेली अनेक वर्षं साडेतीन-चार लाखांच्या आसपासच वार्षिक पॅकेज देत आल्या आहेत. हातात येतात पंचवीस-तीस हजार. पुण्यात खोलीचं भाडं, जेवण, येणंजाणं त्यातूनच भागवायचं. मग ३५ हजारांचा हप्ता कोण भरणार? वडील. ज्या वयात त्यांनी निवृत्तीसाठी चार पैसे गाठीला ठेवायचे, त्या वयात. आणि धाकट्या भावंडाच्या शिक्षणाची वेळ येते तीही याच सुमाराला.

म्हणून एक ठोकताळा सांगतो. हप्ता पहिल्या पगारातल्या हातात येणाऱ्या रकमेच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर दर १० लाखांना महिना सुमारे १३,२०० रुपये हप्ता बसतो. मुलाच्या हातात ३० हजार येणार असतील तर हप्ता १० हजार, म्हणजे चढलेल्या व्याजासकट कर्ज साडेसात लाखांच्या आत. यापेक्षा जास्त लागणारा पैसा घरच्या खऱ्या बचतीतून येत असेल तर विचार करा. राहतं घर, निवृत्तीचा फंड आणि पोटापाण्याची जमीन यांना मी ‘बचत’ म्हणत नाही.

कर्ज काढायचंच असेल तर पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना बघा. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ती मंजूर केली. राष्ट्रीय मानांकनात वर असलेल्या ठरावीक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तिच्यातून तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतीची तरतूद आहे. तुम्ही बघत असलेली संस्था या यादीत आहे का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात.

‘सर्वोच्च पॅकेज’ बाजूला ठेवा

जाहिरातीत ५० लाखांचं पॅकेज असतं, सोबत हसऱ्या मुलाचा फोटो. ते खरंही असेल. पण ते एका मुलाचं आहे, आणि तुमचं मूल त्या वर्गातल्या मधल्या मुलासारखं असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. म्हणून मध्यक पगार विचारा. नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं, तर बरोबर मधोमध उभ्या असलेल्याला मिळतो तो मध्यक पगार. सरासरी फसवी असते, कारण दोन-चार मोठे आकडे तिला वर ओढतात.

हा आकडा मिळवायची सोय आहे. केंद्र सरकारचं राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन, म्हणजे एनआयआरएफ, २०१६ पासून याद्या काढतं. भाग घेणाऱ्या संस्थांनी आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवायची असते. विद्यापीठाचं नाव आणि ‘एनआयआरएफ डेटा’ असं शोधलंत की ती फाइल मिळते. मानांकनाचा क्रमांक बघून फाइल बंद करू नका. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता उघडा. त्यात रकाने असतात : पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, ठरलेल्या मुदतीत किती जण पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि किती जण उच्च शिक्षणाला गेले.

समजा तक्त्यात दिसलं : प्रवेश ६००, मुदतीत उत्तीर्ण ४२०, नोकरी २५०, मध्यक पगार साडेचार लाख, उच्च शिक्षण ४०. जाहिरात म्हणेल, मध्यक पगार साडेचार लाख. तुम्ही वाचायचं ते असं : सहाशेपैकी १८० जण वेळेत बाहेरच पडले नाहीत, १३० जण वेळेत पास झाले पण त्यांचं पुढे काय झालं ते तक्त्यात नाही, आणि साडेचार लाखांचा मध्यक आहे तो फक्त नोकरी लागलेल्या अडीचशे जणांचा. सहाशेपैकी केवळ सव्वाशे जणांना त्याहून जास्त मिळाले. ही माहिती संस्थेनेच दिलेली असते, त्यामुळे तिच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पण जी संस्था ही फाइलच दाखवत नाही, तिच्या फलकावरच्या आकड्यावर अजिबात विसंबू नये.

प्लेसमेंट कार्यालयात गेलात तर तीन प्रश्न पुरेत. याच शाखेतल्या किती मुलांनी नाव नोंदवलं होतं? तुमच्या आकड्यात विद्यार्थी मोजले आहेत की ऑफर? कारण एकाच मुलाच्या तीन ऑफर तीन म्हणून मोजल्या जातात. आणि किती जण प्रत्यक्ष कामावर रुजू झाले? ‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ याचा अर्थ शंभर टक्के नोकरी असा होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

एका साध्या मंगळवारी जाऊन बघा

ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळं झाडूनपुसून ठेवलेलं असतं. सत्र चालू असताना, कामाच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला जा. समुपदेशक तुम्हाला सभागृह, जिम आणि तरणतलाव दाखवतील. ते बघून झालं की म्हणा, “आम्हाला तिसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा बघायची आहे.”

प्रयोगशाळेत यंत्रं किती आहेत ते मोजण्यापेक्षा ती वापरात आहेत का ते बघा. महागड्या यंत्राजवळ वापराची नोंदवही असते. तिच्यात शेवटची नोंद कधीची आहे? यंत्रावरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे का? मग तिथल्या तीन-चार मुलांना त्यांची जर्नलं दाखवायला सांगा. एकाच प्रयोगाची रीडिंग सगळ्यांची दशांश चिन्हापर्यंत सारखी असतील, तर तो प्रयोग एकाने केला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला, किंवा कोणीच केला नाही. ज्या जर्नलात आकडे थोडे वेगवेगळे आहेत, खाडाखोड आहे, शिक्षकाने लाल शाईत ‘पुन्हा घ्या’ असं लिहिलेलं आहे, तिथे शिकवणं चालू आहे असं समजा.

दुसरी तपासणी शिक्षकांची. संकेतस्थळावरून त्या विभागातल्या शिक्षकांची नावं लिहून न्या आणि कँटीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा : यांच्यापैकी तुम्हाला कोण शिकवतं? गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले? वर्गात किती मुलं असतात? निकाल वेळेवर लागतात का? पुन्हा संधी मिळाली तर इथेच याल का? मुलं सहसा खरं सांगतात. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ हा प्रकार असेल तर तो अर्ध्या तासात कळतो.

हीच तपासणी सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांचीही करा. तिथेही सगळं आलबेल नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक तुटपुंज्या मानधनावर कसंबसं भागवत असतात, काही ठिकाणी निकाल लांबतात, अभ्यासक्रम जुना असतो. एखाद्या खासगी विद्यापीठातला विभाग या सगळ्यांत सरस असू शकतो. म्हणून तर विभाग बघा असं म्हणतो आहे. एकाच विद्यापीठात संगणकाचा विभाग उत्तम आणि यंत्र अभियांत्रिकीचा ओस, असंही असतं.

मान्यतेची खात्री

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी असते आणि बनावट विद्यापीठांचीही. आधी तिथे नाव बघा. त्यानंतर अभ्यासक्रमाची स्वतंत्र मान्यता बघा : कायद्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडिया, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया, वास्तुशास्त्रासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, वैद्यकीयसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. विद्यापीठ मान्य आणि अभ्यासक्रम अमान्य, असं असेल तर पदवी घेऊनही व्यवसाय करता येत नाही. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ हे उत्तर स्वीकारू नका.

संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या श्रेणीला किती महत्त्व द्यायचं? एक खूण म्हणून बघा, तेवढंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाच घेऊन चांगली श्रेणी दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या एका पाहणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्य यांना अटक केली. त्यामुळे ‘ए प्लस प्लस’ हे अक्षर तुमच्या स्वतःच्या भेटीची जागा घेऊ शकत नाही.

मग हे विद्यापीठ कोणी निवडावं?

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नामांकित संस्थेत प्रवेश मिळत होता पण जे कमी नामांकित संस्थेत गेले, त्यांची पुढची कमाई त्यांनी तपासली. नामांकित ठिकाणी गेलेल्यांपेक्षा ती फारशी कमी नव्हती. याचा अर्थ, यशाचा मोठा वाटा मुलाच्या अंगच्या गुणांचा होता. अपवाद होता तो गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना नामांकित संस्थेचा खरोखर फायदा झाला. हा अभ्यास अमेरिकेतला आहे, पण त्यामागचं कारण आपल्यालाही पटण्यासारखं आहे. ज्या घरात ओळखीपाळखी आहेत त्यांना संस्थेच्या ओळखींची गरज कमी. ज्या घरातली पहिलीच पिढी शिकते आहे, तिला चांगले सोबती, इंग्रजीचा सराव आणि माजी विद्यार्थ्यांचं जाळं यांचा आधार मोठा असतो. अडचण अशी, की नेमकी तीच मुलं ही फी भरू शकत नाहीत. म्हणून अशा मुलांनी शिष्यवृत्ती असलेली दर्जेदार संस्था शोधावी. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात आणि सोनिपतच्या अशोका विद्यापीठात घरची परिस्थिती बघून मोठी फीसवलत दिली जाते. तिथली जाहीर फी बघून अर्जच न करणं ही घोडचूक ठरेल.

माझ्या मते चार परिस्थितींत महागडं विद्यापीठ निवडावं. एक, मुलाला हवा असलेला विषय सरकारी व्यवस्थेत जवळपास नाहीच, जसे डिझाइनचे काही प्रकार किंवा विज्ञान आणि मानव्यविद्या एकत्र शिकवणारी पदवी. दोन, संस्था कठोर परीक्षा घेऊन निवड करते आणि तिचे माजी विद्यार्थी त्या क्षेत्रात ठळकपणे दिसतात; १९६४ मध्ये अभिमत दर्जा मिळालेली पिलानीची बिट्स हे याचं जुनं उदाहरण. तीन, शिष्यवृत्तीमुळे खर्च सरकारी महाविद्यालयाच्या जवळपास येतो. चार, घरची ऐपत एवढी आहे की ही फी भरून कोणाच्याही आयुष्यात काही अडणार नाही.

आणि ‘पर्सेंटाइल कमी आहे, पण संगणकच हवं’ एवढ्याच कारणासाठी २० लाख मोजू नका. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घेऊन चांगल्या महाविद्यालयात जाणारी आणि प्रोग्रॅमिंग स्वतः शिकणारी मुलं भरपूर आहेत. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायलाही विद्यापीठ अनुदान आयोगाची मुभा आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी त्यासाठीच अनेक जण करतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांनी सीयूईटी जरूर द्यावी. दिल्ली, बनारस, हैदराबादची केंद्रीय विद्यापीठं त्या एका परीक्षेने खुली होतात आणि फी अगदी परवडण्यासारखी असते.

वाचलेला पैसा शेवटच्या पदवीसाठी ठेवा

नोकरी देणारा बहुतेक वेळा शेवटची पदवी बघतो. त्यामुळे पैसा मर्यादित असेल तर तो पहिल्या पदवीवर संपवू नये. गेट परीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक.ला गेलेल्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यातून तिथल्या खर्चाचा मोठा भाग भागतो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, राहण्याजेवणाचा खर्च तेवढा करावा लागतो. विशीतल्या मुलाला स्वतःची आवड सतराव्या वर्षापेक्षा जास्त नीट कळलेली असते. त्या वेळी त्याच्यामागे दहा लाख उभे असणं हे पहिल्या वर्षाच्या वातानुकूलित वसतिगृहापेक्षा त्याच्या कितीतरी जास्त कामाला येतं.

घाई करायला लावणाऱ्यांना काय सांगायचं

खासगी विद्यापीठं मार्च-एप्रिलमध्येच पैसे मागतात, कॅप राउंड त्यानंतर सुरू होतात. ‘आज भरा, उद्या सीट जाईल’ असं सांगणारा एजंट कमिशनवर काम करत असतो. हातात जागा असावी म्हणून पैसे भरायचेच ठरवलंत, तर हे ध्यानात ठेवा : प्रवेश रद्द केल्यास फी परत देण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. त्या त्या वर्षीच्या तारखा आयोग जाहीर करतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकीची परत द्यायची होती. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायचा अधिकारही कोणत्याच संस्थेला नाही. पावती विद्यापीठाच्या नावाचीच घ्या, एजंटच्या खात्यात एक रुपयाही भरू नका, आणि अर्ज नेहमी लेखी किंवा ईमेलने करा.

फी भरण्याआधी एका रविवारी मुलाला शेजारी बसवा. दोन किंवा तीन संस्था, प्रत्येकीचा चार वर्षांचा एकूण खर्च, मिळणारी सवलत, मध्यक पगार आणि कर्जाचा महिन्याचा हप्ता, एवढं एका कागदावर त्याच्याच हाताने लिहायला लावा. घरची परिस्थिती मुलापासून लपवू नका. सतरा-अठरा वर्षांचं मूल हे आकडे समजू शकतं, आणि समजून घेतलेला निर्णय ते मनापासून पाळतं. हप्त्याचा आकडा पगाराच्या एक तृतीयांशात बसत नसेल, तर कितीही सुंदर कॅम्पस असला तरी ते विद्यापीठ तुमच्यासाठी नाही. तिथे ‘नको’ म्हटल्याने तुमच्या मुलाचं काहीही नुकसान होणार नाही.